कंबर माझी ठणठणीत होती

सुरुवातीलाच सांगून टाकते: मला डिप्रेशन झालं होतं, कंबरेला काहीही झालेलं नव्हतं. हे इतकं ठासून सांगायचं कारण असं, की नवीन पनवेलमधल्या आमच्या सोसायटीत, माझ्या ऑफिसात आणि सासरच्या सगळ्या गोतावळ्यात चार महिने माझ्या मणक्यात गॅप होती. मला बरं व्हायला जितका वेळ लागला त्यातला निम्मा त्या गॅपने खाल्ला, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांच्या घरी आत्ता असली एखादी गॅप चालू असेल, त्यांच्यासाठी हे लिहितेय. डॉक्टरी ज्ञान माझ्याकडे नाही. माझ्या गोळ्या अजून चालू आहेत आणि डॉक्टर सांगतील तेव्हाच बंद होतील.

लिफ्ट

मी एका ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे. वय त्रेचाळीस. दाखले द्यायचे, नोटिसा काढायच्या, फलकावर लावायच्या, हे सोळा वर्षं करतेय. मागच्या हिवाळ्यात एका मुलीचा साधा बोनाफाइड लिहायला मला पाऊण तास लागला. ती समोर उभी आणि मी कोऱ्या फॉर्मकडे बघत बसलेली. त्याआधी दोन महिने पहाटेच झोप तुटायची, भूक मेली होती, आणि बाथरूमचा नळ सोडून मी रडत बसायचे. का रडते ते विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. कोणी गेलं नव्हतं, कोणाशी भांडण नव्हतं, मुलगी अभ्यासात बरी, नवरा निर्व्यसनी. कारण सापडत नाही याचीच मला सगळ्यात जास्त चीड यायची.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, थायरॉइड बघितलं आणि शेवटी मानसोपचारतज्ज्ञांच्या नावाने चिठ्ठी दिली. नवऱ्याने, म्हणजे प्रकाशने, ती चिठ्ठी घडी घालून पाकिटाच्या पार आतल्या कप्प्यात ठेवली.

दवाखाना पनवेल स्टँडच्या जवळ एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होता. दुसऱ्या मजल्यावर हाडांचे डॉक्टर. आम्ही लिफ्टमध्ये शिरलो आणि दार बंद होता होता आत घुसल्या आमच्याच विंगमधल्या म्हात्रे काकू. मूळच्या विचुंब्याच्या, सोसायटीत सगळ्यांच्या घरचं सगळं माहीत असणाऱ्या, आणि मनाने खरंच चांगल्या. गुडघे दाखवायला आल्या होत्या.

"काय गं वैशाली, तू इथं कशी? तुला पन गुडघं काय?"

मी तोंड उघडायच्या आत प्रकाश म्हणाला, "नाही, तिचं जरा... कंबर..."

"मनक्यात गॅप हाय काय?" काकूंनी स्वतःच निदान करून टाकलं. "माझ्या भावजयला पन हाय. निस्तं पडून ऱ्हावं लागतं."

"हो," प्रकाश म्हणाला. "गॅपच आहे."

मग काय, काकूंबरोबर दुसऱ्या मजल्यावर उतरावं लागलं. त्यांचा नंबर लागून त्या आत जाईपर्यंत आम्ही हाडांच्या डॉक्टरांच्या बाकावर बसून राहिलो आणि नंतर जिन्याने वर गेलो. एका मजल्याच्या पायऱ्या चढताना मला दोनदा थांबावं लागलं.

वरच्या डॉक्टरांनी झोप, भूक, काम असं विचारत विचारत सरळ विचारलं, "जगणं नको असं वाटतं का कधी?" तोवर मला हे कोणीही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "मरायचं नाहीये. पण सकाळ झाली की वाटतं, आता परत हे सगळं." ते म्हणाले, "याला डिप्रेशन म्हणतात. आजार आहे, बरा होतो, वेळ लागतो." मला एकदम हलकं वाटलं. निदान त्याला नाव तरी होतं.

बाहेर आल्यावर प्रकाशचं पहिलं वाक्य होतं, "दादाला काय सांगायचं?"

दादा म्हणजे त्याचा मोठा भाऊ, अलिबागला असतो. वडील लवकर गेल्यावर त्यानेच प्रकाशला शिकवलं. त्याच्यापुढे घरातलं काहीही वाकडं दिसू नये, हा प्रकाशचा जुना आजार. मग तोच म्हणाला, "मणक्याचंच सांगू. काकूंनाही तेच सांगितलंय." झालं, ठरलं. माझ्या ऑफिसातही मणक्याचंच सांगून लांब रजा टाकली.

कंबरेचा मानपान

आपल्याकडे आजारी माणसाला बघायला जावंच लागतं. चार दिवसांत माझ्याकडे सात शहाळी, दोन कंबरेचे पट्टे आणि एक शेकायची पिशवी जमा झाली. उरणहून नणंद आली. गादीवर झोपलीस म्हणूनच हे झालं, असं म्हणून तिने बेडवरची गादी काढायला लावली आणि फळीवर चटई टाकली. आधी माझी झोप पहाटे गादीवर तुटायची, आता चटईवर तुटायला लागली. आणि खरोखरच कंबर दुखायला लागली.

एक मात्र मान्य करते. या चार महिन्यांत मला कोणीही "मनावर घेऊ नकोस" म्हटलं नाही. "तुला काय कमी आहे?" असंही कोणी विचारलं नाही. कंबरेला समाजात मान आहे. ती दुखली तर लोक उशी आणून देतात. म्हणून सुरुवातीला मलाही ते खोटं सोयीचंच वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

उभं राहून की बसून?

दवाखान्यात स्नेहल नावाच्या समुपदेशक होत्या. त्यांनी रुग्णांचा व्हॉट्सॲप ग्रुप केला होता. आम्ही अकरा जण. रोज सकाळी स्वतःला सावरायला मदत होईल असं एक छोटं काम यायचं आणि संध्याकाळपर्यंत एका ओळीत कळवायचं, जमलं की नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, की हा ग्रुप म्हणजे उपचार नाही, गोळ्या आणि तपासणी चालूच राहील, आणि मन फारच काळवंडलं तर ग्रुपवर लिहून वाट बघत बसायचं नाही, थेट फोन करायचा.

हे सगळं ठीक होतं, पण त्या मेसेजचं मराठी! "स्वतःप्रती करुणा बाळगा." "आपल्या नकारात्मक विचारांना सौम्यपणे आव्हान द्या." "वर्तमान क्षणात स्थित व्हा." आधीच अंथरुणातून पाय खाली टाकवत नाही, त्यात स्थित कुठे व्हायचं? चौथ्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी लिहिलं, "मॅडम, हे करायचं म्हणजे नक्की काय करायचं? उभं राहून की बसून?"

त्यांचा लगेच फोन आला. मला वाटलं, आता ओरडणार. त्या हसत होत्या. "तुम्ही नोटिसा लिहिता ना? मग हे तुम्हीच लिहा. मी मुद्दा देईन, तुम्ही लिहायचं, मी तपासून टाकीन."

अशी मी आजारी असतानाच कामाला लागले. "आज आंघोळ करा. केस धुतले नाहीत तरी चालेल." "खिडकी उघडा. बाहेर काय दिसलं ते एका ओळीत कळवा." "आपण कुचकामी आहोत असं डोक्यात आलं, तर कालपासून केलेली तीन कामं कागदावर लिहा. दात घासणं धरायचं." दोन ओळी लिहायला सुरुवातीला मला अख्खा दिवस लागायचा. पण त्या ओळीला शेवट होता, आणि तेव्हा माझ्या आयुष्यात शेवट असलेली तेवढीच एक गोष्ट होती.

ग्रुपमध्ये नेरे गावाकडच्या एक ताई होत्या. दुसऱ्यांच्या मळ्यात भाजी खुडायच्या कामाला जायच्या. टाइप करता येत नव्हतं, म्हणून आवाज पाठवायच्या. "मी आज उठली. चूल पेटवली. भात टाकला. वरन नाय केला. चालंल काय?" त्यावर दहा जण लिहायचे, "चालेल." त्या दिवसांत मला स्वतःच्या मुलीचं बोलणंही ऐकवत नव्हतं, पण संध्याकाळी मी त्या ताईंच्या आवाजाची वाट बघायचे.

दहा मिनिटं

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी मुद्दा आला, चालणं. मी लिहिलं, "आजपासून रोज खाली उतरा. उजेडात दहा मिनिटं चाला. वेगाची अट नाही." संध्याकाळपर्यंत आठ जणांनी जमलं म्हणून कळवलं. नेऱ्याच्या ताई बांधावरून विहिरीपर्यंत जाऊन आल्या होत्या. मी मात्र दोन फेऱ्या मारल्या आणि सोसायटीच्या बाकावरून म्हात्रे काकू धावत आल्या.

"अगो बाय, उतरलीस कशाला? मनका सरकंल ना!"

माझं कोपर धरून त्यांनी मला लिफ्टने वर आणलं, चटईवर आडवं केलं आणि मी खरंच पडून राहते की नाही हे बघायला अर्धा तास बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मी खाली उतरल्याची बातमी कोणीतरी प्रकाशला ऑफिसात पोचवली. त्याचा फोन आला, "लोक बघतायत गं. थोडे दिवस गॅलरीतच चाल." आमच्या गॅलरीत वॉशिंग मशीन सोडून चार पावलं होतात. तिसऱ्या दिवशी मी कंबरेला पट्टा बांधून उतरले, तर वॉचमन म्हणाला, "मॅडम, सेक्रेटरी साहेबांनी सांगितलंय, तुम्हाला काही लागलं तर वर आणून द्यायचं. तुम्ही उतरायचं नाही."

लोकांनी काळजी करूनच माझी वाट लावली. नऊ दिवस मी ग्रुपवर लिहीत होते, "नाही जमलं." मेसेज लिहिणारी मी, आणि मलाच जमत नव्हतं. हळूहळू आंघोळही सुटली. आमची ईशा चौदा वर्षांची. बेल वाजली की ती दार किलकिलं करून सांगायची, "आईचा मणका ना, पडून आहे ती." खोटं बोलताना तिचा आवाज जराही हलायचा नाही. चटईवर पडून मला ते शब्दन् शब्द ऐकू यायचं, आणि तरी मी उठून दारापर्यंत जात नव्हते.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी माझ्याकडे बघूनच विचारलं, "चालता का रोज?"

"नाही."

"का?"

"मणक्यात गॅप आहे."

त्यांनी फाइल उलटसुलट केली. "कधीपासून?"

मग मी सगळं सांगितलं, लिफ्टपासून. प्रकाश शेजारी बसून टेबलाची कड बघत होता. डॉक्टर त्याला म्हणाले, "दिवसभर पडून राहणं या आजारात सगळ्यात वाईट. आणि तुम्ही त्यांना तेच करायला लावताय. असंच चाललं तर मला त्यांना काही दिवस दाखल करून घ्यावं लागेल."

दाखल हा शब्द ऐकून मी घाबरले. प्रकाश माझ्याहून जास्त घाबरला, हे दिसत होतं. पण रिक्षात बसल्यावर तो म्हणाला काय? "हळूहळू बंद करू ना गॅप. एकदम कशी जाईल?"

सूचना

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला मी पट्टा न बांधता उतरले. बाकावर म्हात्रे काकू आणि आणखी दोघी. एक फेरी होते न होते तोच काकू उठल्या, दुसरीने वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची ओढून आणली आणि तिघींनी मिळून मला तिच्यात बसवलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेल्या सहा महिन्यांत इतका सणसणीत राग मला आलाच नव्हता. तो राग इतका चांगला वाटला म्हणून सांगू! त्या खुर्चीत बसूनच मी मोबाइल काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर मला जसं लिहिता येतं तसं लिहिलं:

"सूचना. सर्व सभासदांना कळविण्यात येते की, बी-६०४ येथील रहिवासी सौ. वैशाली यांच्या मणक्यात कोणतीही गॅप नाही. त्यांना डिप्रेशन हा आजार असून त्यावर रीतसर उपचार सुरू आहेत. डॉक्टरांनी त्यांना रोज चालण्यास सांगितले आहे. तरी सभासदांनी त्यांना अडवू नये, वर नेऊ नये व खुर्ची देऊ नये. सोबत चालायचे असल्यास हरकत नाही. आजवरच्या चुकीच्या माहितीबद्दल दिलगीर आहोत."

तिघींचे फोन एकदम वाजले. काकूंचा चष्मा घरी होता, म्हणून त्यांनी दुसरीला मोठ्याने वाचायला लावलं. ती अर्ध्यावर अडखळली, मग हळू आवाजात संपवलं.

"म्हंजे काय झालंय हिला?" काकूंनी विचारलं.

मीच म्हटलं, "सारखं उदास वाटतं काकू. काही करावंसं वाटत नाही. पडून राहिलं की वाढतं."

"आनि मनका?"

"चांगला आहे."

"मंग बसलीस कशाला? चाल की!" काकू माझ्यावरच खेकसल्या.

मी चालले. दहा मिनिटं पूर्ण.

सोसायटीच्या ग्रुपवर मात्र सेक्रेटरींनी घाईघाईने टाकलं, की उद्या टाकी साफ होणार असल्याने पाणी बंद राहील, आणि बारा जणांनी त्याला अंगठे दिले. टाकी साफ होण्याचा लोकांना इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता. नंतर सावकाश सल्ले सुरू झाले: सकारात्मक विचार करा, मोबाइल कमी वापरा, देवाचं नाव घ्या, आणि एक भलामोठा फॉरवर्ड, जो पाठवणाऱ्यानेही वाचला नसणार. एकीने मात्र मला वेगळं लिहिलं, "तुमचे डॉक्टर कोण? माझ्यासाठी विचारतेय." मी दवाखान्याचं नाव पाठवलं.

घरी

प्रकाश घरी आला तो मोबाइल हातात घेऊनच. "दादाचा साडू ए विंगमध्ये राहतो, विसरलीस?" एवढंच बोलला आणि ऑफिसातून येणारे 'गॅस बंद केलास का'चे फोन सोडले तर दोन दिवस माझ्याशी बोललाच नाही. मीही माफी मागितली नाही.

ईशाने विचारलं, "मग आता दारात काय सांगू?"

"खरं सांग. शाळेतही."

"शाळेत मी केव्हाच खरं सांगितलंय आई," ती म्हणाली. "मणका फक्त इथे, बाबांसाठी." मी तिला जवळ घेतलं आणि खूप रडले, पण ते रडणं नळ सोडून रडण्यासारखं नव्हतं.

रविवारी सकाळी दादाचा फोन आला. प्रकाश फोन घेऊन गॅलरीत गेला. मशीनच्या पाइपमुळे आमचं ते दार पूर्ण लागत नाही. मी मुद्दाम ऐकायला उभी राहिले नव्हते, पण हललेही नाही.

"नाही रे दादा, मणका नाही... हो, तेच... हो, लपवलं." मग तो वेगळ्याच आवाजात बोलायला लागला. "मी ऑफिसातून तिला दर दोन तासांनी फोन करतो. गॅस बंद केलास का, कुरिअर आलं का. मला काय करायचंय कुरिअरचं? तिने उचलला की पुढचे दोन तास मला श्वास घेता येतो. संध्याकाळी दारात उभा राहतो ना दादा, मला बेल दाबायची भीती वाटते."

ते सगळे फोन मी वैतागून तोडले होते. हो बंद केला, नाही आलं, ठेवू? चार महिने मी धरून चालले होते, की या माणसाला फक्त लाज वाटतेय. लाज होतीच, ती मी माफ केलेली नाही. पण तिच्या खाली हे होतं आणि ते त्याने मला सोडून अलिबागला सांगितलं, याचाही मला राग आला. आणि मग स्वतःचाही आला, कारण मी तरी त्याला कधी विचारलं होतं?

त्या दिवशी मी दवाखान्याच्या ग्रुपसाठी लिहिलं, "आज घरातल्या एका माणसाला विचारा: माझ्या आजारात तुम्हाला कशाची भीती वाटते? उत्तर पूर्ण ऐका. मध्ये समजावू नका." स्नेहल मॅडम म्हणाल्या, जड आहे, ज्यांना झेपेल त्यांनीच, असं जोडा. मी जोडलं आणि त्यांनी ते टाकलं.

सोमवारी सकाळी मी डबा भरत असताना नेऱ्याच्या ताईंचा आवाज आला. "इचारलं मी घरवाल्याला. आधी बोलंना. मंग म्हनला, तू अशी गप ऱ्हायलीस तर पोरांशी कोन बोलंल? मना तर बोलताच येत नाय. असं म्हनला. मी काय समजावला नाय, निस्ती बसली त्याच्या बाजूला. ताई, तुमी इचारलं काय तुमच्या घरी?"

मी लिहायला घेतलं, पुसलं, परत लिहिलं. शेवटी मीही पहिल्यांदाच आवाज पाठवला. "नाही विचारलं ताई. मी फक्त दाराआडून ऐकलंय."

प्रकाश दारात बसून बुटाची नाडी बांधत होता. मी डबा त्याच्याजवळ ठेवला आणि म्हटलं, "अहो, आज थोडा उशीर झाला तर चालेल का?"

त्याचा चेहरा एकदम पांढरा पडला. "काय झालं?"

"काही झालं नाही. मला एक विचारायचंय. आणि मी मध्ये बोलणार नाही."

त्याने वाकून बांधलेली नाडी सोडली, बूट काढून बाजूला ठेवला, आणि मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसले.